नवा कर्नल, जुनी नँड आणि चौदावा बाईट – माझा अनुभव

आमच्या कंपनीचा एक डेटा लॉगर आहे, चाकण भागातल्या बऱ्याच फॅक्टऱ्यांमधे भिंतीवर लटकलेला, आत टीआयचा (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा) एएम३३५एक्स प्रोसेसर, २५६ एमबीची नँड फ्लॅश आणि त्यावर लिनक्स ३.२. हो, ३.२, म्हणजे २०१२ सालचा कर्नल, लिनक्सचा गाभा. मशिनं ठणठणीत चालतायत, कुणाची तक्रार नाही, पण एका कस्टमरच्या सिक्युरिटी ऑडिटवाल्यांनी कर्नलचा नंबर बघितला आणि भुवया वर केल्या. मग काय, साहेबांनी मला बोलावलं, "५.१० वर आण, एलटीएस आहे, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळतात, आठवडाभरात होईल ना?" मी पण हो म्हणून बसले. युजरस्पेस, म्हणजे कर्नलच्या वर चालणारे सगळे प्रोग्रॅम, आहे तसंच, फक्त कर्नल बदलायचा, त्यात काय एवढं.

आधी एक सांगते, कारण आमच्याच टीममधल्या दोघांना हे नीट माहीत नव्हतं. फ्लॅश म्हटलं की डोळ्यासमोर पेनड्राईव्ह नाहीतर एसडी कार्ड येतं, पण त्यांच्या पोटात एक छोटा कंट्रोलर बसलेला असतो जो खराब ब्लॉक लपवतो, झीज वाटून देतो आणि बाहेरच्या जगाला मी साधी हार्ड डिस्क आहे असं भासवतो. बोर्डावर थेट सोल्डर केलेल्या कच्च्या नँडला असा कुणी वाली नसतो, बिट उलटले तर दुरुस्त करा, ब्लॉक खराब निघाला तर टाळा, लिहायच्या आधी १२८ केबीचा अख्खा ब्लॉक पुसा, हे सगळं कर्नलनेच करायचं. लिनक्समधे हे काम एमटीडी नावाची सिस्टीम बघते, तिच्यावर यूबीआय बसतो आणि त्याच्यावर यूबीआयएफएस फाईलसिस्टीम. म्हणजे तीन मजले, आणि खालचा मजला हलला की वरच्या दोघांच्या नावाने एरर येतात.

पहिला दिवस तर कॉन्फिगमधेच गेला. मी जुन्या कर्नलची कॉन्फिग फाईल (कोणते भाग चालू ठेवायचे याची यादी) उचलली, नव्या सोर्समधे टाकली, ती नव्या कर्नलला जुळवून घेणारं ओल्डडेफकॉन्फिग मारलं, बिल्ड केलं, टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, बोर्डावर लोड केलं आणि मिनिकॉमवर (बोर्डाचे मेसेज दाखवणारा प्रोग्रॅम) ते सुप्रसिद्ध कर्नल पॅनिक, रूट माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य कॉमा शून्य. बूट लॉगमधे नँडचं नावसुद्धा नाही. नंतर कळलं की मधल्या वर्षांत नँडच्या मुख्य ऑप्शनचं नावच बदललंय, आधी नुसतं एमटीडी नँड होतं ते आता एमटीडी रॉ नँड झालं, आणि ओल्डडेफकॉन्फिग ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की ते गुपचूप टाकून देतं, विचारत नाही, सांगत नाही. आणि मुख्य ऑप्शनच गेल्यावर त्याच्या खालचं अख्खं लटांबर गेलं. इतक्या जुन्या कॉन्फिगला चिकटून राहायचंच कशाला असं आता वाटतं, पण तेव्हा वाटलं होतं वेळ वाचेल.

मग मेनूकॉन्फिगमधे जाऊन हाताने सगळं चालू केलं, आणि त्यातही एकदा ओमॅपचा (टीआयच्याच चिपचं जुनं घराणं, ड्रायव्हर तोच) नँड ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाईलमधे, ठेवला. मॉड्यूलची फाईल कुठे? रूट फाईलसिस्टीमवर. रूट फाईलसिस्टीम कुठे? नँडवर. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं. यावर अर्धा तास गेला, जास्त नाही, पण कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत.

खरा घोळ पुढे आहे. ३.२ च्या काळात आमच्या बोर्डाची सगळी माहिती एका सी फाईलमधे असायची, नव्या कर्नलला ती डिव्हाइस ट्री म्हणून द्यावी लागते. तर मी जुनी बोर्ड फाईल शेजारी उघडून नँडचा नोड स्वतः लिहिला: मेमरी कंट्रोलरचं टायमिंग, आठ बिटची बस, पार्टिशनं, आणि ईसीसीसाठी बीसीएच८. ईसीसी म्हणजे प्रत्येक ५१२ बाईट डेटामागे थोडे जादा बाईट लिहून ठेवायचे, वाचताना बिट उलटलेले असले तर त्यांच्यावरून दुरुस्त करायचे. बीसीएच८ असेल तर ५१२ बाईटमधे आठ बिटपर्यंत चालतं. एएम३३५एक्सच्या आतला बूट रॉम, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी धावणारा कोड, तोही नँडवरून बूट करताना हेच वापरतो, त्यामुळे इथे आपल्या मर्जीला वाव नाही.

बूट केलं. चिप ओळखली गेली, मॅन्युफॅक्चरर आयडी २सी, चिप आयडी डीए, २५६ एमबी, पेज २०४८, ओओबी (प्रत्येक पेजमागची जादा जागा, ईसीसीचे बाईट तिथेच जातात) ६४, सगळं बरोबर. आणि त्याच्याच खाली एक ओळ की एमटीडी नँड ईसीसी एसडब्ल्यू बीसीएच हा ऑप्शन चालू नाहीये. मला तर आनंदच झाला, इतकी स्पष्ट एरर कर्नल कधी देतो का? गेले मेनूकॉन्फिगमधे, तो ऑप्शन चालू केला, बिल्ड, बूट. ड्रायव्हर उठला, दहाच्या दहा पार्टिशनं दिसली, पण यूबीआय ओरडायला लागला, एरर -७४, ६४ बाईट वाचताना ईसीसी एरर, परत प्रयत्न करतो, परत -७४, आणि शेवटी म्हणाला की या डिव्हाइसवर यूबीआय फॉरमॅट दिसत नाही, मी घेणार नाही.

इथे मी जे केलं ते आज आठवलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. मला वाटलं जुन्या कर्नलने लिहिलेलं नव्याला वाचता येत नसेल, एवढ्या व्हर्जनचा फरक आहे, सोडा, नव्याने लिहू. एसडी कार्डवरून बूट केलं, लिनक्समधूनच यूबीआयफॉरमॅटने रूट फाईलसिस्टीम लिहिली, नँडराईटने कर्नल लिहिला. परत टीएफटीपीने बूट, आणि काय सांगू, लॉगिन प्रॉम्प्ट! फाईली बनवून बघितल्या, पॉवर काढून बघितली, परत आली, सगळं जिथल्या तिथे. साहेबांना मेसेज टाकला "नँड झालं" आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्कची केबल काढून बोर्ड नुसता नँडवरून चालू केला. यू-बूट, म्हणजे कर्नल उचलून चालू करणारा आमचा बूटलोडर, आला, कर्नल वाचायला गेला, आणि नँड रीड फेल्ड, -७४. तोच आकडा, फक्त आता उलट्या बाजूने! लिनक्सने लिहिलेलं लिनक्सला वाचता येतंय, यू-बूटला नाही. यू-बूटने लिहिलेलं यू-बूटला येतंय, लिनक्सला नाही. पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. आमची फील्ड अपडेटची स्क्रिप्ट लिनक्समधूनच नँडवर लिहिते, कर्नलही आणि वेळ पडली तर बूटलोडरही. हा कर्नल तसाच बाहेर गेला असता तर पुढच्या अपडेटला बूट रॉमला बूटलोडरच वाचता आला नसता आणि चाकणच्या भिंतीवरचे लॉगर एकेक करून विटा झाले असते, म्हणजे चालूच झाले नसते.

मी हा विचार करत चहाला गेले तेवढ्यात आमच्या ज्युनिअरने, बिचाऱ्याने मदत म्हणून, यू-बूटच्या प्रॉम्प्टवर नँड स्क्रब चालवलं. त्याला वाटलं चिपमधे कचरा झालाय, साध्या इरेजने जात नाही. आता स्क्रब काय करतं, तर खराब ब्लॉकसुद्धा पुसतं, आणि कोणता ब्लॉक खराब हे फॅक्टरीने त्या ब्लॉकमधेच लिहून ठेवलेलं असतं, ते पुसलं की गेलं, चिप परत सांगू शकत नाही. यू-बूट तसं बजावतो, वाय दाबायला सांगतो. त्याने वाय दाबलं. मी काही बोलले नाही, कारण माझं स्वतःचं कर्तृत्व काही कमी नव्हतं.

मग आमच्याकडचे काका. सगळे त्यांना काकाच म्हणतात, हार्डवेअरचे जुने माणूस, ऑसिलोस्कोपशिवाय कशावर विश्वास नाही. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "अगं, दोघं वेगवेगळं लिहितायत ना? मग एकच मजकूर दोघांकडून लिहून घे आणि शेजारी ठेवून बघ की. कॉन्फिग काय चाळत बसलीयेस."

एकदम साधी गोष्ट, पण चार दिवसांत मला सुचली नव्हती. दुसरा एक बोर्ड घेतला, एक रिकामा ब्लॉक निवडला, यू-बूटमधून ठरावीक २०४८ बाईट लिहिले, शेजारच्या ब्लॉकमधे तेच २०४८ बाईट लिनक्समधून लिहिले, आणि दोन्ही पेज ईसीसी न लावता कच्चे डंप करून कागदावर ओओबीचे ६४-६४ बाईट समोरासमोर उतरवले. हो, पेनाने. दोन्हीकडे सुरुवातीला दोन एफएफ (हेक्समधे, म्हणजे बाईटचे सगळे बिट एक), ती खराब ब्लॉकच्या मार्करची जागा. पुढे यू-बूटवाल्यात तेरा आडवेतिडवे बाईट आणि मग ००, परत तेरा आणि ००, असं चार वेळा, शेवटी सहा एफएफ. लिनक्सवाल्यात जागा त्याच, पण तेराचे तेरा बाईट वेगळे, आणि जिथे ०० हवा तिथे एफएफ. काका चष्मा वर करून म्हणाले, "हा चौदावा कोण?"

त्या चौदाव्याच्या मागे लागून ड्रायव्हरचा सोर्स उघडला आणि सगळं उलगडलं. या ड्रायव्हरमधे बीसीएच८ दोन तऱ्हेचा आहे. एकात चूक शोधायचं काम ईएलएम नावाचा वेगळा हार्डवेअर ब्लॉक करतो, त्यात चौदावा बाईट मुद्दाम ०० ठेवतात, बूट रॉमशी जुळावं म्हणून. दुसऱ्यात शोधायचं काम सॉफ्टवेअर करतं, ज्या जुन्या ओमॅप चिपमधे ईएलएम नाही त्यांच्यासाठी, आणि त्यात हिशोबाच्या बाईटवर एक ठरलेला आकडा एक्सॉर करून, म्हणजे ठरावीक बिट उलटवून, मग लिहितात. नाव दोघांचं बीसीएच८, डेटा तोच, पण एकाचं दुसऱ्याला कळणार नाही. आणि यातला कोणता घ्यायचा हे ठरतं डिव्हाइस ट्रीमधल्या एका ओळीवरून, टीआय ईएलएम-आयडी, जी मी लिहिलीच नव्हती. जुन्या बोर्ड फाईलमधे तसं काही नव्हतं, मग मला कुठून सुचणार.

ती ओळ नसल्यावर ड्रायव्हर काय करतो? मुकाट्याने सॉफ्टवेअरवाला प्रकार घेतो. ईएलएम-आयडी डिव्हाइस ट्रीमधे नाही असा मेसेज कोडमधे आहे बरं का, पण डीबग लेव्हलचा, म्हणजे डीबग चालू केल्याशिवाय दिसतच नाही. दिसतो तो त्याच्या पुढचा, की सॉफ्टवेअर बीसीएच चालू नाही. म्हणजे मला जी स्पष्ट एरर वाटली ती मुळात चुकीच्या रस्त्यावर गेल्यानंतरची पाटी होती, आणि मी त्या पाटीचं ऐकून अजून पुढे गेले. वर बूट लॉगमधे ड्रायव्हर कोणती स्कीम घेतली तेही छापतो, ती ओळ मी रोज बघत होते, बीसीएच८ एवढं वाचून पुढे जायचे, शेवटी डिटेक्शन एसडब्ल्यू असं शेपूट होतं ते डोळ्यांना दिसलंच नाही.

दुरुस्ती अगदीच किरकोळ. नँडच्या नोडमधे ईएलएम-आयडीची ओळ टाकली. बूट केलं तर ईएलएम नॉट अव्हेलेबल, कारण चिपच्या मूळ फाईलमधे ईएलएमचा नोड बंद असतो, तो आपल्या बोर्डाच्या फाईलमधे ओके करावा लागतो. कॉन्फिगमधे ओमॅपचा हार्डवेअर बीसीएचवाला ऑप्शन मात्र हवाच, तो आपोआप लागत नाही. आणि ज्या सॉफ्टवेअर बीसीएचने मला फसवलं तो मी मुद्दाम बंद करून टाकला, म्हणजे उद्या कुणी ती ओळ काढलीच तर ड्रायव्हर उठणारच नाही, चुकीचं लिहिण्यापेक्षा ते परवडलं. मग हात न लावलेला तिसरा बोर्ड, ज्यावर अजून ३.२ नेच लिहिलेलं सगळं होतं, त्यावर नवा कर्नल टीएफटीपीने चढवला, आणि यूबीआयने एकही -७४ न देता जुनी रूट फाईलसिस्टीम उचलली. रात्रीचे पावणेदहा वाजले होते, भोसरीतून घरी जायला रिक्षा मिळेना, पण त्याचं काही वाटलं नाही.

राहिला तो स्क्रब झालेला बोर्ड. तो भंगारात टाकणार होतो, तेवढ्यात आठवलं की पहिल्या दिवशी मी मिनिकॉमचा लॉग चालू ठेवला होता, त्याच बोर्डाचा, जुन्या कर्नलसकट. त्यात शोधलं तर नँड स्कॅन होताना कर्नलने दोन ओळी छापल्या होत्या, खराब ब्लॉक १०४७ आणि १९१२. यू-बूटला ब्लॉक नंबर नाही, पत्ता लागतो, म्हणून कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून दोघांना मार्कबॅड केलं. १०४७ चा पत्ता हेक्समधे ८२ई०००० येतो, तो ज्युनिअरकडूनच दोनदा तपासून घेतला. आता प्रत्येक नवा बोर्ड टेबलवर आला की तोच आधी खराब ब्लॉकची यादी देणारं नँड बॅड चालवतो आणि येतील ते आकडे स्टिकरवर लिहून बोर्डाच्या पाठीला चिकटवतो, मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच सुरू केलं.