तुम्ही विचारलंत म्हणून: क्वांट घेऊ की क्वाल?

पीएचडीच्या मुलाखती जवळ आल्या की हा प्रश्न येतोच. "मॅडम, क्वांट घेऊ की क्वाल?" पाणीपुरीवाला तिखट की मीडियम विचारतो तसा. क्वांट म्हणजे आकडे आणि स्टॅटिस्टिक्स वापरून केलेलं संशोधन, क्वाल म्हणजे लोकांशी बोलून, त्यांच्यात बसून केलेलं. दहातल्या आठ जणांना खरं विचारायचं असतं की स्टॅटिस्टिक्स येत नाही, चालेल का. चालेल, पण ते कारण सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, लिहू नका.

तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण या दोन शब्दांवरून राज्यशास्त्रात खरोखर भाऊबंदकी झालेली आहे.

ऑक्टोबर 2000 मध्ये अमेरिकेत एक निनावी ईमेल फिरला, खाली सही 'मिस्टर पेरेस्ट्रोइका'. तक्रार साधी होती. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचं मुख्य जर्नल आकडेमोड आणि रॅशनल चॉइसच्या (माणूस फायदा-तोटा बघूनच वागतो असं धरून मांडलेल्या) गणितांनी भरलेलं असतं, संघटनेत निर्णय ठराविक मंडळीच घेतात, आणि बाकीच्यांनी वर्गणी भरून न वाचता येणारे लेख घरी आणायचे. त्याआधी 1994 मध्ये किंग, कोहेन आणि वर्बा या तिघांचं एक पुस्तक आलं होतं, त्यात म्हणणं असं की क्वांट काय आणि क्वाल काय, पुराव्यावरून निष्कर्ष काढायचं लॉजिक एकच. दिसायला किती समंजस! पण क्वालवाल्यांना त्यातून ऐकू आलं ते असं की तुम्ही करता ते पण आमचंच, फक्त जरा कच्चं. मग जी ठिणगी पडली त्यातून 2003 मध्ये त्या संघटनेचं दुसरं जर्नल निघालं, आणि त्याच सुमारास तक्रारवाल्यांच्या बाजूच्या सुझान रुडॉल्फ संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

या बाई मला फार आवडतात, आणि नुसत्या त्या भांडणातल्या बाजूमुळे नाही. त्या आणि त्यांचे नवरे लॉइड, दोघांनी आयुष्यभर भारतावर काम केलं, 2014 मध्ये दोघांना पद्मभूषण मिळालं. 1957 मध्ये तरुणपणी त्यांनी मद्रास राज्यात सर्व्हे केला होता, अमेरिकेत शिकलेली पद्धत, म्हणजे एका माणसाला बाजूला घ्यायचं, एकट्याला विचारायचं, त्याचं खाजगी मत लिहायचं. गावात कसलं एकटं! माणसं जमायची, सगळ्यांच्या देखत बोलणं व्हायचं. आता याला सर्व्हेतली अडचण म्हणून सोडून देता येतं, पण जवळजवळ पन्नास वर्षांनी अध्यक्षीय भाषणात सुझानबाई परत तिथेच गेल्या. प्रत्येक माणसाच्या पोटात एक सुटं, फक्त त्याचं असं मत असतं, हे आपण गावात बघून ठरवलं का घरूनच घेऊन आलो?

मी एमएला असताना निवडणुकीच्या सर्व्हेला जायचे, मानधन मिळायचं म्हणून. मतदार यादीतून नावं काढलेली असायची, त्याच माणसाला गाठायचं, शेजारचा कितीही हौशी असला तरी तो चालत नाही. एका गावात यादीत एका काकूंचं नाव होतं. ओट्यावर बसलेला दीर म्हणाला, "तिला काय कळतंय, मी सांगतो की." मी त्याला कसंबसं चहाकडे वळवलं आणि काकूंना नकली मतपत्रिका दिली, सोबत छोटी पेटी, म्हणजे कुणाला मत दिलं ते मलासुद्धा दिसणार नाही. काकूंनी शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली, आणि मग अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात चिन्ह सांगितलं. वर म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांचं एकच असतंय गं, लपवायचं काय त्यात?"

ते मत काकूंचं की घराचं? फॉर्मवर चौकोन एकच होता, तो मी भरला. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही, कारण असे हजारो फॉर्म एकत्र आले की बायकांची मतं पुरुषांपेक्षा वेगळी पडतात का ते दिसतं, आणि ते ओट्यावर बसून कधीच दिसलं नसतं. पण 'घरात एकच असतंय' हे काकू अभिमानाने म्हणाल्या, नाइलाजाने म्हणाल्या का दिराला ऐकू जावं म्हणून म्हणाल्या, ते फॉर्ममध्ये मावत नाही.

इथपर्यंत वाचून मॅडम क्वालवाल्या आहेत असं ठरवलं असेल तर थांबा. स्वभावाने आहेच मी. पण मुंबई महापालिकेवरच्या एका अभ्यासाने माझी चांगली जिरवली. महिला राखीव वॉर्ड सोडतीने बदलत राहतात, ते आपल्याला माहीतच आहे, आणि त्यावर इच्छुकांची रडारडही. रिखिल भावनानी या अभ्यासकाने 2009 मध्ये दाखवलं की ही सोडत म्हणजे आयता प्रयोगच आहे, कुठला वॉर्ड राखीव होणार हे नशिबावर, त्यामुळे राखीव झालेले आणि न झालेले वॉर्ड सरळ ताडून बघता येतात. निघालं काय, तर जो वॉर्ड आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव होता, तो खुला झाल्यावरही तिथे बाई निवडून यायची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट. मी तोवर वर्गात बिनधास्त सांगायचे की आरक्षण गेलं की बाई घरी जाते. चार नगरसेविकांशी बोलून काढलेला निष्कर्ष होता तो, आणि चौघीही खरंच घरी गेल्या होत्या, त्यामुळे मला संशय येण्याचं कारणच नव्हतं!

अर्थात निवडून आल्यावर फोन कोण उचलतं, ती का तिचे मिस्टर, ते या पाचपटीत नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसावं लागतं, आणि एकदा बसून भागत नाही.

म्हणून मी उलट विचारते, तुला कळून काय घ्यायचंय? परवा एका मुलाने पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. त्याच्या गावच्या नगरपालिकेत आरक्षण गेल्यावरही तीच बाई परत निवडून आली, कशी ते त्याला हवंय. म्हटलं आधी सगळ्या सोडतींच्या जुन्या याद्या आण, मग बघू. तीन आठवडे झाले. साहेब कधी रजेवर, कधी मीटिंगला. यादी काही अजून मिळाली नाही, पण तिथल्या शिपायाने त्याला त्या बाईंच्या दोन्ही प्रचारांची अख्खी कहाणी ऐकवलीय, आणि पोरगा काल विचारत होता, "मॅडम, हे क्वालमध्ये धरायचं का?"