दे, नको, आज

ज्या शिवीपायी हे लिहायला बसले, ती इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

मी स्पीच थेरपिस्ट. आम्ही मुलांचा बोबडेपणा घालवतो एवढंच लोकांना माहीत असतं. पण माझा निम्मा दिवस पक्षाघातानं वाचा गेलेल्या मोठ्या माणसांबरोबर जातो. त्यातलेच हे एक, चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला, उजवा हात-पाय लुळा, समज बरीच शाबूत. चित्र दाखवून "हे काय?" विचारलं की ओठ हलायचे, कपाळाच्या शिरा ताणायच्या आणि बाहेर पडायची एक शिवी. आईवरून, उच्चार अगदी स्वच्छ. किल्ली दाखवली तरी तीच, घड्याळ दाखवलं तरी तीच. मग ते डोळे गच्च मिटून घ्यायचे.

फाइलवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "पेशंट शिवीगाळ करतो, सहकार्य करत नाही." वाचाघाताच्या माणसाबद्दल असं लिहिणं म्हणजे पाय मोडलेल्याला आळशी म्हणणं. पण राउंडला तेच वाचलं जातं.

मी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे शिवी तर सोडाच, 'देवाशपथ' म्हटलं तरी आई बजावायची, "होय तर होय, नाही तर नाही." त्यामुळे पाळकीणबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, मान का खाली गेलीय, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्यांना समजावलं. "काकू, शब्द जुळवून बोलणं वेगळं आणि तोंडात बसलेलं आपोआप निघणं वेगळं. पहिलं गेलंय, दुसरं थोडं उरलंय. आकडे, वार, गाणी, शिव्या त्या दुसऱ्यात येतात." ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांच्या १८६१ च्या प्रसिद्ध पेशंटचीही गोष्ट सांगितली. त्याला 'टॅन' एवढंच म्हणता यायचं, पण चिडला की देवाच्या नावानं एक शिवी हासडायचा. "तेव्हा ही शिवी काका देत नाहीयेत. ती निसटते."

"पण तोंडात बसली कधी? एवढ्या वर्षांच्या संसारात मी एकदा ऐकली नाही." मग हळूच म्हणाल्या, "अंतःकरणात जे भरलंय तेच मुखावाटे निघतं, असं हेच शिकवायचे ना?"

मी फाइलचं पान उलटलं.

त्यानंतर आपोआप येणाऱ्या बोलण्याची तपासणी. एक ते दहा सहापर्यंत गेले आणि अडकले. वार आलेच नाहीत. मी सहज प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवात करून दिली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आणि ते निघाले. थेट आमेनपर्यंत, एकही अक्षर न गाळता. "तुझे नाव पवित्र मानले जावो" हे त्याच तोंडातून ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. पाळकीणबाई रडू लागल्या. "बघा, ही मनातली!"

मी गप्प राहिले, आणि तेच अजून टोचतंय. ज्या आधारावर शिवी त्यांची नाही म्हटलं, त्याच आधारावर ती प्रार्थनाही त्यांची ठरत नव्हती. दोन्ही एकाच दारातून आल्या होत्या. एकीला मी आजार म्हटलं आणि दुसरीला कुणी मन म्हटलं, तर चालवून घेतलं.

आमच्या पेशात १९८० पासून एक पद्धत आहे. पेशंटच्या तोंडून आपसूक निसटणारेच शब्द कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहायचे, त्याच्याकडून वाचून घ्यायचे आणि हळूहळू ते त्याच्या मर्जीनं वापरायला लावायचे. सगळ्यात सहज येणारा शब्द आधी. म्हणजे पहिलं कार्ड कुठलं, ते उघड होतं. मार्कर उघडून बसले, पण हात चालेना. "तो शब्द व्यवहारात उपयोगाचा नाही," असं सीनियरला सांगितलं. त्या म्हणाल्या, "थेरपिस्टला लाज वाटली, असं सांग." दोन्ही कारणं खरी आहेत, पण हात कशामुळे थांबला ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

शेवटी मी प्रार्थनेचेच तुकडे केले. "आमची रोजची भाकर आज आम्हास..." इथे थांबायचं. पाच सेकंद. आपले ओठसुद्धा हलवायचे नाहीत, कारण पेशंट ओठ वाचतो. त्यांनी 'दे' भरला की कार्ड पुढे करायचं. 'परीक्षेत आणू' नंतर 'नको'. आणि 'आज'. दे, नको, आज. अंथरुणावरच्या माणसाचा निम्मा दिवस या तीन शब्दांवर निघतो.

अडचण पाळकीणबाईंची. मी वाक्य तोडलं की त्या शेजारी बसून पुटपुटत ते आमेनपर्यंत पुरं करायच्या. झाली सूचना, गेला तो प्रयत्न, मार तक्त्यावर काट. एकदा मी वैतागलेच. त्या म्हणाल्या, "बाई, प्रार्थना अशी शंभरदा अर्ध्यावर टाकायची? देवाचं नाव व्यर्थ घेणं ते आणखी काय असतं?" पुढे तडजोड झाली. सत्र संपलं की तिघांनी मिळून एकदा पूर्ण म्हणायची, गुण न देता. तक्त्यावर ती दहा मिनिटं मी 'विश्रांती' म्हणून लिहायचे.

तिसऱ्या आठवड्यात मी कार्डं बाजूला ठेवली आणि पाण्याचा पेला त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर धरला. गिळण्याची तपासणी आधीच झाली होती. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. आधी शिवीच आली. डोळे मिटले. मग डावा हात पुढे आला. "दे."

प्रार्थनेतला त्यांचा 'दे' लांबट, उतरता असायचा. हा आखूड होता, तहानलेल्या माणसाचा.

"अहो, द्या म्हणा, द्या!" पाळकीणबाई ओशाळल्या. "थेरपिस्टबाई आहेत त्या. माफ करा हं, आयुष्यात कुणा परक्याला अरे-तुरे केलं नाही यांनी."

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दे."

मी पेला दिला. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. काकू ते पदरानं टिपत होत्या आणि त्यांच्या कानाशी पुटपुटत होत्या, "द्या... द्या..."