टाइल्स पटकन बसतात, रॅम्प रखडवतो: गॅरेजमधल्या वर्कशॉपचा माझा अनुभव

इंटरलॉकिंग टाइल्सबद्दल कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं: काही नाही हो, एकात एक अडकवायच्या, झालं. टाइल्सपुरतं ते खरंही आहे. सिमेंट नाही, गोंद नाही, गवंडी नाही. पण शटरच्या तोंडाशी जी उतरती पट्टी लागते, म्हणजे रॅम्प, तिच्याबद्दल विकणारा एक अक्षर बोलत नाही, आणि माझं सगळं काम तिथेच अडकून पडलं. म्हणून आधी रॅम्पचं सांगतो, जमिनीचं नंतर.

टाइल्स घेतल्या त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, ४०० बाय ४०० मिमी, १८ मिमी उंच, वरून बंद आणि खालून जाळीदार पायांच्या. अशा टाइलच्या लागून असलेल्या दोन बाजूंना कड्या असतात आणि उरलेल्या दोन बाजूंना खुंट्या. कडी जमिनीलगत राहते आणि शेजारच्या टाइलची खुंटी वरून तिच्यात बसते. रबरी हातोड्याचा एक ठोका पुरतो. याचा सरळ अर्थ असा की काम ज्या दिशेने पुढे सरकणार, त्या दिशेला कड्या हव्यात. शटरपासून आत जायचं असेल तर कड्या आतल्या भिंतीकडे आणि खुंट्या शटरकडे. मग शटरकडच्या धारेला रॅम्प कुठला लागेल? कडीवाला. आणि तो पहिल्या ओळीच्या आधी जमिनीवर मांडावा लागतो, कारण खुंटी वरून बसते.

रॅम्प दोन जातीचे येतात, कडीवाले आणि खुंटीवाले. हे ऑर्डर घेणाऱ्याला माहीत असायला हवं की नाही? कोटेशनवर नुसतं ‘रॅम्प, नग’ एवढंच छापलेलं होतं. कुठला रॅम्प ते लिहायला रकानाच नाही. कड्यांचा उल्लेख केला तर ‘सगळे बसतात’ असं फोनवर उत्तर. आले ते सगळे खुंटीवाले. खुंटीसमोर खुंटी ठेवून जगातला कुठलाही हातोडा ती जोडू शकत नाही.

मग पुढचं सुरू: फोटो पाठवा, बॉक्सवरचा नंबर पाठवा, परत पाठवा, तो माल आमच्याकडे पोचला की नवीन निघेल. कोल्हापूरपर्यंत असा माल बहुतेक ट्रान्सपोर्टने येतो आणि गोडाऊन डिलिव्हरी असते. म्हणजे बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) घेऊन जायचं, आपला बॉक्स शोधायचा, हमाली द्यायची, रिक्षा-टेम्पो करायचा. किलोभर वजनाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी दोन्ही बाजूंनी हीच वारी, आणि मध्ये ‘गाडी अजून भरली नाही’ हे ऐकत बसायचं. तोवर गॅरेजमधलं सगळं सामान अंगणात, ताडपत्रीखाली.

या वाट पाहण्याच्या काळात तीन पर्याय सुचतात, तिघांचीही किंमत सांगून ठेवतो.

पहिला: सगळी फरशी १८० अंशांत फिरवायची, म्हणजे कड्या शटरकडे येतील आणि आलेले खुंटीवाले रॅम्प चालतील. टाइल्स सुट्ट्या आहेत, त्यामुळे हे शक्य आहे, पण एकही टाइल कापलेली नसेल तरच. मागच्या भिंतीलगतची ओळ कापून झाली असेल तर फिरवल्यावर तेच तुकडे शटरच्या तोंडाशी येतात, आणि कापलेल्या बाजूला ना कडी ना खुंटी. रॅम्प अडकवायचा कशाला? ती पूर्ण ओळ वाया जाते. शिवाय फिरवलेल्या मांडणीत शटरपासून आत जाताना प्रत्येक नवीन टाइलची कडी आधीच्या टाइलखाली सरकवावी लागते. बसते, पण कंबर मोडते. तसं करायचं असेल तर मागच्या भिंतीपासून सुरुवात करा, फक्त कापायच्या ओळीची रुंदी आधी हिशोबाने काढा.

दुसरा: दुसऱ्या कंपनीचा रॅम्प. हा नाद करू नका. ४०० मिमी लिहिलेली टाइल प्रत्येक साच्यात अचूक ४०० ची नसते. एका बाजूला कड्या किती आणि त्यांच्यातलं अंतर किती, हेही साच्यागणिक बदलतं. पहिली कडी जुळली तरी चौथीपर्यंत चुकलेलं असतं. टाइल, रॅम्प आणि कोपऱ्याचा तुकडा एकाच साच्याच्या घराण्यातले हवेत.

तिसरा पर्याय कोल्हापुरात राहण्याचा फायदा म्हणायचा. उद्यमनगरात पत्रा वाकवून देणारे हाकेच्या अंतरावर आहेत. ३ मिमी ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट घ्या, प्रेसवर वाकवून एका बाजूला १८ मिमी उंची आणि ७५ मिमी लांबीचा उतार काढा. उताराचा कोन साधारण साडेतेरा अंश येतो, बाइक ढकलताना जाणवतही नाही. पोकळीत लाकडाची पाचर भरा, नाहीतर गाडीच्या चाकाखाली प्लेट दबते. प्लेट कोब्याला स्क्रू आणि प्लगने बांधा, टाइलला अजिबात नाही. आणि प्लेट व टाइल यांच्यात ५ मिमी फट सोडा. फट कशासाठी, ते पुढे येतं. प्लास्टिकच्या रॅम्पपेक्षा हा जास्त टिकतो असं माझं मत झालंय. रॅम्पशिवाय टाइल्स स्वस्त पडत असतील तर सरळ हेच करा.

ऑर्डर देताना कागदावर असं लिहून घ्या: ‘रॅम्प, कडीवाला, शटरच्या बाजूसाठी, टाइलच्याच साच्यातला, ९ नग.’ टाइल उलटी करून चारही बाजूंचा फोटो पाठवा आणि त्याच फोटोवर कुठल्या धारेला रॅम्प हवा तिथे बाण काढा. गोडाऊनमध्ये सही करण्याआधी बॉक्स फोडून एक रॅम्प एका टाइलला तिथेच लावून बघा. गोडाऊनवाला कुरकुर करेल, करू दे. माल चुकीचा किंवा फुटका असेल तर बिल्टीवर शेरा मारूनच सही करायची. आणि रॅम्प हातात येईपर्यंत ब्लेड बाहेर काढायचं नाही, एकही टाइल कापायची नाही.

नऊच का? माझं गॅरेज १० बाय १८ फूट, म्हणजे ३०५० बाय ५४९० मिमी. १८ फूट हे माप शटर खाली ओढून, त्याच्या आतल्या बाजूपासून घेतलेलं आहे. भिंतीपासून घेतलं तर चुकतं, कारण शटरची पट्टी भिंतीच्या आत खाली येते. शटर नेहमी कोब्यावरच टेकलं पाहिजे. टाइलवर टेकलं तर १८ मिमी वर राहतं, बाजूच्या लॉकचा दांडा गाइडच्या भोकासमोर येत नाही आणि कुलूप लागत नाही.

दोन्ही बाजूंना १० मिमी फट सोडली की रुंदीत ३०३० मिमी उरतात: सात पूर्ण टाइल्स आणि एक २३० मिमीची. लांबीतून रॅम्पचे सुमारे ६० आणि मागची १० मिमी फट वजा केली की ५४२०: तेरा पूर्ण आणि एक २२० ची. आठ गुणिले चौदा, ११२ टाइल्स. आता दुकानदाराचा हिशोब बघा. १८० चौरस फूट, एक टाइल १.७२ चौरस फूट, म्हणजे १०५. सात टाइल्स कमी! कापून उरलेला १७० चा तुकडा २२० च्या जागी बसत नाही, हे चौरस फुटात दिसत नाही. ओळी मोजा. वर पाच-सहा जादा घ्या, कारण दोन वर्षांनी तोच रंग मिळेलच असं नाही. ओळीला आठ रॅम्प लागतात, एक जादा.

कापलेली उभी ओळ ज्या बाजूला वर्कबेंच आहे तिकडे ठेवा, दिसत नाही. बेंच उजवीकडे असेल तर डाव्या कोपऱ्यापासून सुरू करा, कड्या आत आणि उजवीकडे. बेंच डावीकडे असेल तर उलट. टाइल फिरवली की दोन्ही जमतं.

पहिली ओळ भिंतीला धरून लावू नका, शटरला धरून लावा. भिंती काटकोनात असतीलच याची खात्री नाही. कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फूट, दुसरीकडे ८ फूट खूण करून तिरकं माप १० फूट येतंय का बघा. येत नसेल तर दोरीने स्वतःची रेघ मारा आणि जो काही तिरकेपणा आहे तो कापलेल्या ओळीत जिरू द्या. म्हणूनच कापायच्या टाइलचं माप प्रत्येक जागी वेगळं घ्यायचं, एका मापाने सगळ्या कापायच्या नाहीत.

कापायला जिगसॉ, मोठ्या दातांचं लाकडाचं ब्लेड, वेग कमी. वेग वाढवला की प्लास्टिक वितळतं आणि ब्लेड पुढे गेल्यावर मागची फट पुन्हा चिकटते. मऊ पीव्हीसीच्या टाइल्स असतील तर जिगसॉची गरज नाही, पट्टी धरून कटरने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि वाकवायचं.

पीव्हीसी की पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन? पीव्हीसी पायाला मऊ, आवाज कमी, पडलेलं हत्यार वाचतं. पण गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरच्या रबरातली रसायनं त्यात उतरतात आणि तपकिरी डाग पडतो, तो घासून जात नाही. काळा किंवा गडद करडा रंग घेतला तर डाग लपतो. पीपीला हा त्रास नाही, पण तिच्यावर चालताना पोकळ आवाज येतो आणि ती १६० अंशांच्या आसपास वितळते. वेल्डिंगचा एक थेंब पडला की खड्डा. वेल्डिंग आणि ग्राइंडरचा कोपरा कोब्याचाच ठेवा, वर टाइल नको. वरून भोकं असलेल्या टाइल्स गाडी धुवायच्या जागी ठीक. वर्कशॉपला नकोत, तीन मिमीचा स्क्रू आणि ड्रिलची सगळी बुरी (धातूचा कीस) खाली जाते आणि मग टाइल उचलत बसायचं.

आता त्या फटीबद्दल. पीपी उन्हात चांगलीच फुगते. पत्र्याखालचं गॅरेज हिवाळ्यातल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत २५ अंशांचा फरक सहज दाखवतं, आणि साडेपाच मीटरच्या फरशीत तो तेरा-चौदा मिमी तरी होतो. काही भाग सांध्यांत जिरतो, बाकी फटीत जायला हवा. एका भिंतीला जड कपाट आणि समोरच्या भिंतीला जड बेंच, दोन्ही टाइल्सवर ठेवले की फरशी दोन टोकांना दाबली जाते आणि मधे फुगा येतो. जड वस्तू एकाच बाजूला ठेवा. लेथ, पिलर ड्रिल तर टाइलवर नकोच. तेवढी जागा कापून मशीन कोब्यावर बसवायची, नाहीतर लेव्हल कधीच टिकत नाही. जॅक किंवा स्टँडखाली फूटभर चौरस १८ मिमी प्लायचा तुकडा ठेवा.

कोब्याचं फार अवघड नाही. ६ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवा. दीड-दोन सूत, म्हणजे ५-६ मिमीपेक्षा जास्त खोल दिसलं तर पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. न भरल्यास टाइल टकटक वाजते, आणि काही महिन्यांत त्याच जागची कडी तुटते. उंचवटे ग्राइंडरला कप व्हील (कोबा घासायची वाटीसारखी चकती) लावून खाली काढा. शटरकडचा उतार मात्र बुजवू नका, खाली शिरलेलं पाणी पायांमधून त्याच उताराने बाहेर जातं.

लोणा धरणारा कोबा असेल तर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक रात्र ठेवा. सकाळी खालून पाणी दिसलं तर चिकटवायची फरशी विसरा. सुट्ट्या टाइल्सना ओल मारत नाही, खाली हवा खेळते. पण लाकडाचा भुसा आत साठून ओलावला की वास मारतो. त्यामुळे पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत दोन ओळी उचलून व्हॅक्यूम मारायचा.

पंचगंगेच्या पूररेषेजवळ घर असलेल्यांनी एक लक्षात घ्या. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. २०१९ किंवा २०२१ सारखं पाणी गॅरेजात आलं तर फरशी तरंगणार, आणि वर ठेवलेलं सुटं सामानही तिच्याबरोबर हलणार. पीव्हीसी बुडून जागेवर राहते. पाणी ओसरल्यावर दोन्ही उचलून प्रेशर वॉशरने धुता येतात, चिखल काढून परत लावता येतात. त्यासाठी पहिल्यांदा मांडतानाच कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पोटावर ओळ आणि जागेचा नंबर मार्करने घाला. रॅम्पवरसुद्धा.