तुम्ही विचारलंत म्हणून : राखाडी पडलेला लाकडी डेक काढून टाकावा का?

पाऊस ओसरला की पाचगणी, महाबळेश्वर आणि बामणोलीकडच्या घरमालकांकडून मला एकच प्रश्न हमखास येतो. बंगल्यापुढच्या सागवानी डेकच्या, म्हणजे उघड्यावरच्या लाकडी ओट्याच्या, फळ्या राखाडी पडल्या आहेत, कडांना काळे डाग आहेत, वॉर्निशचे पोपडे निघत आहेत. हे सगळे उचकटून फरशी घालावी, की यावर पुन्हा रंग चढेल? साताऱ्यात राहून वर्षानुवर्षे लाकडाचेच काम करत असल्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे : थांबा, आधी फळी तपासा, कारण बहुतेक वेळा लाकूड गेलेले नसते, केवळ त्याचा वरचा पापुद्रा गेलेला असतो.

उन्हातील अतिनील किरण लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणाऱ्या लिग्निनचे विघटन करतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे उरलेल्या सैल, फिकट तंतूंवर बुरशी बसते. हात फिरवला तर बोटांना लागणारी राखाडी भुकटी म्हणजे हेच तंतू. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे तिथल्या फळ्यांवर शेवाळ आणि काळी बुरशी जास्त. सातारा शहरात मात्र खरे नुकसान उन्हाचे असते. कोपऱ्यातल्या एखाद्या फळीवर धारदार पटाशीने पातळ सालपट काढून पाहा. राखाडी थर कागदाइतकाच निघतो, खाली तोच मधाळ तपकिरी साग असतो आणि त्याचा ओळखीचा वासही येतो. मला स्वतःला हा क्षण फार आवडतो, आणि घरमालकाने तो माझ्या शेजारी उभे राहून पाहावा असा माझा आग्रह असतो.

खरी चिंता करायची ती कुजण्याची. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंच्या तुलनेत कितीतरी वेगाने आत शिरते, म्हणून दाभण घेऊन आधी टोके टोचावीत, मग खिळ्यांच्या आसपासची जागा आणि शेवटी खाली वाकून फळ्यांना आधार देणारे वासे. दाभण सहज आत गेले, तर तेवढा भाग बदलावाच लागतो. तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग देणे म्हणजे पाणी आत कोंडणे. वासेच मऊ पडले असतील, तर रंगाची चर्चा बंद करून सुताराला बोलवावे. खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळे मात्र कुजण्याची नव्हेत. ओल्या लाकडातील टॅनिन हे नैसर्गिक तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगाने ती उमटतात, आणि खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घातल्याशिवाय ती पुन्हा येत राहतात.

स्वच्छतेसाठी ऑक्सिजन ब्लीचचे (क्लोरीन नसलेल्या ब्लीच पावडरचे) द्रावण ओतून, ते सुकू न देता काही मिनिटे मुरवून, रेषांच्या दिशेने काथ्याच्या ब्रशने घासावे. पाण्याचा जोराचा फवारा जवळून मारला की राखाडीबरोबर मऊ तंतूही उकरले जातात आणि फळी कुसळांनी भरते, म्हणून ते यंत्र मी शक्यतो वापरत नाही. त्यानंतर डब्यावर दिलेल्या प्रमाणात ऑक्झॅलिक ॲसिड लावल्यास काळे डाग उतरतात आणि लाकडाचा रंग उजळतो; पण ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालावा, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे, शेजारची झाडे झाकावीत आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवावे. जुन्या वॉर्निशचे उरलेले पोपडे खरवडूनच काढावे लागतात. वाळल्यावर ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासले की पुरे. त्याहून बारीक कागदाने गुळगुळीत केलेले लाकूड दिसायला सुंदर असले, तरी तेल नीट पीत नाही.

आमच्याकडे घाई होते ती वाळवण्यात. वरून कोरडी दिसणारी फळी आतून ओली असू शकते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. ते लगेच शोषले गेले, तर लाकूड तेल घेण्याच्या स्थितीत आहे. ते तसेच उभे राहिले, तर ओल किंवा जुना थर अजून शिल्लक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, मात्र सकाळचे दव पूर्ण उडाल्यावरच हात घालावा. एप्रिल-मे महिन्यांवर काम ढकलले, तर एकीकडे तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच चिकट होते आणि दुसरीकडे वळिवाची टांगती तलवार असते.

आता रंग. डेकवर चकचकीत वॉर्निश लावू नये, हे माझे ठाम मत आहे. त्याचा थर लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही, त्याला तडे जातात, तड्यांतून पाणी खाली जाते आणि पुढच्या वेळी सगळे खरवडावे लागते. लाकडात मुरणारे, थोडे रंगद्रव्य असलेले तेलाचे स्टेन घ्यावे. रंगद्रव्यच ऊन अडवते, निव्वळ पारदर्शक तेलाखाली लाकूड लवकर राखाडी पडते. सावली असताना दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग घ्याव्यात, म्हणजे मध्ये सांधा दिसत नाही. टोकांना दोनदा पाजावे आणि न मुरलेले तेल कापडाने पुसून काढावे. तेलाची ही फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

असे स्टेन पोपडे न धरता हळूहळू फिके होते, म्हणून दर पावसाळ्यानंतर फटींतला पालापाचोळा काढून पुन्हा थेंबांची तीच परीक्षा घ्यावी आणि पाणी शोषले जाऊ लागले की फळ्या धुऊन, वाळवून एक पातळ हात द्यावा. फरशीचा खर्च त्यानंतरही करावासा वाटला, तर अवश्य करा, पण काढलेला साग भंगारात देऊ नका. रंधा मारला की त्याची उत्तम बाके होतात.