चारशे डॉलरची शिट्टी आणि होल-इन-द-रॉकचा फुफाटा

"सेडानसुद्धा जाते हो त्या रस्त्यानं" असं मला ज्यांनी सांगितलं आणि "कोल्ड एअर इन्टेक बसव, ट्रक उडायला लागेल" असं ज्यांनी सांगितलं, ते दोघे एकच गृहस्थ. रस्ता म्हणजे युटातला कच्चा होल-इन-द-रॉक रोड, आणि इन्टेक म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी मूळ पेटी काढून तिच्या जागी लावायची बाहेरची नळी आणि फिल्टर. कामावरचे मित्र आहेत, रोज तोंड बघायचं असतं, त्यामुळे त्यांना फार बोलता येत नाही. म्हणून इथे लिहितो.

ट्रक २०१७ चा फोर्ड सुपर ड्यूटी, ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल. कारखान्यातून येतानाच ४४० हॉर्सपॉवर आणि ९२५ पाउंड-फूट टॉर्क. इतकी ताकद असलेल्या ट्रकला आणखी काय हवं होतं, हे बायकोने तेव्हाच विचारलं होतं. मागे सात हजार पाउंडांचा ट्रेलर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कोलोराडोतून आय-७० ने पश्चिमेला, ग्रीन रिव्हरपुढे हँक्सव्हिलचा फाटा, कॅपिटल रीफ, तिथून युटा-१२ ने बोल्डर माउंटन ओलांडून एस्कलांटे. ट्रेलर एस्कलांटेच्या कॅम्पग्राउंडवर सोडायचा आणि नुसता ट्रक घेऊन होल-इन-द-रॉक रोडने शेवटपर्यंत जायचं, असा बेत.

निघायच्या आठवडाभर आधी गॅरेजमध्ये इन्टेक बसवलं. मूळचा काळा एअरबॉक्स काढून फळीवर ठेवला. त्याच्या जागी चकचकीत नळी, लाल रंगाचा तेल लावायचा कापडी कोन फिल्टर, बाजूला पत्र्याचा आडोसा आणि टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी सिलिकॉनचा कपलर, म्हणजे दोन तोंडं जोडणारी रबरासारखी बाही, त्यावर दोन क्लॅम्प. पाऊण तासाचं काम. पहिल्यांदा स्टार्टर मारून पेडल दाबलं तर अशी शिट्टी वाजली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी खूश! कबूल करतो, तीन दिवस मी विनाकारण दुकानात जाऊन येत होतो.

मग आयझेनहावर टनेलचा चढ आला. टनेलचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो, म्हणजे इन्टेकचा काही उपयोग असेल तर इथेच दिसायला हवा. जूनमध्ये हाच चढ, हाच ट्रेलर ओढत, मूळ एअरबॉक्सवर केला होता आणि ओबीडीवर, म्हणजे ट्रकच्या कंप्युटरच्या सॉकेटला, लावलेल्या गेजचे आकडे वहीत होते. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, तेवढाच. एक्झॉस्टचं तापमान जवळपास तेच. वेग तोच, ५५. मायलेज तेव्हा गॅलनला १०.३ मैल, आता १०.१. शिट्टी मात्र दणदणीत. बायको म्हणाली, "खिडकी लाव."

असं का होतं हे मला आधी कळायला हवं होतं, कारण त्यात गहन काहीच नाही. मूळ एअरबॉक्स बॉनेटखालची गरम हवा घेतच नाही. तो पुढून, ग्रिलच्या बाजूने, बाहेरचीच हवा घेतो आणि चारी बाजूंनी बंद असतो. म्हणजे 'कोल्ड एअर' कारखान्याने आधीच दिलेली आहे. (२०१७ पासूनच्या ड्युरामॅक्स डिझेलवाल्या शेव्हरोले सिल्व्हराडो एचडी ट्रकला तर बॉनेटवर खरोखरीचा स्कूप आहे, हवेतलं पाणी वेगळं काढण्याच्या सोयीसकट.) त्यातून हवा टर्बोत शिरली की दाबली जाऊन दीडशे-पावणेदोनशे सेल्सिअसला पोचते आणि मग इंटरकूलर तिला थंड करतो. माझ्या इंजिनात तो इंटरकूलर पाण्यावर चालणारा. टर्बोच्या आधी तुम्ही पाच-दहा अंश वाचवलेत तरी इंटरकूलरनंतर त्यातलं फारसं काही उरत नाही. आणि डिझेलची ताकद ठरते किती डिझेल टाकलं यावर. ते ठरवतो कंप्युटर. कंप्युटरला कुणी जास्त टाकायला सांगितलं नसेल तर फिल्टर कितीही मोकळा श्वास घेऊ दे, तो ढिम्म. फिल्टर खरंच तुंबला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग वीस-तीस-चाळीस डॉलरचा नवा पेपर फिल्टर टाका की.

इथपर्यंत नुसते पैसे गेले होते. कॅपिटल रीफ छान आहे, बोल्डर माउंटनवर अ‍ॅस्पेन पिवळेधमक होते, फोटो आहेत. पुढे जाऊ.

होल-इन-द-रॉक रोड एस्कलांटेच्या पूर्वेला पाचेक मैलांवर युटा-१२ वरून फुटतो आणि पन्नासहून जास्त मैल सरळ आग्नेयेला लेक पॉवेलच्या कड्यापर्यंत जातो. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन लोकांनी इथून घोडागाड्या नेल्या आणि शेवटी कड्याला भगदाड पाडून त्या खाली कोलोराडो नदीपर्यंत उतरवल्या. त्या लोकांबद्दल मला आता अपार आदर आहे, कारण त्यांच्या गाड्यांना सस्पेन्शनही नव्हतं.

सुरुवातीचे काही मैल बरे. डेव्हिल्स गार्डन बाराव्या मैलाच्या आसपास, तिथवर सेडान खरंच जाते, मित्र तेवढ्यापुरता खरा. मग सुरू होतो वॉशबोर्ड. पन्हाळी पत्रा आडवा अंथरून त्यावरून गाडी चालवा, तसं. हाताला मुंग्या येतात, कपहोल्डरमधली बाटली आपणहून बाहेर येते, डॅशबोर्डमधून असा आवाज येतो की आपण या ट्रकसाठी किती हप्ते भरलेत ते आठवतं. ड्राय फोर्क, म्हणजे पीक-अ-बू आणि स्पूकी या घळींचा फाटा, साधारण २६ व्या मैलाला. तिथे बरेचजण थांबतात. मी थांबलो नाही. पुढचा रस्ता आणखी वाईट आणि मधूनमधून ओढ्यांच्या पात्रात फुफाटा. चाक त्यात शिरलं की पुढचं काही दिसत नाही. धूळ वाळूसारखी दाणेदार नाही, मैद्यासारखी. खिडक्या बंद, एसी आत फिरवण्यावर, तरी दातांखाली कचकच. आमच्या पुढे तीन गाड्यांचं टोळकं होतं आणि मी शहाणा त्यांच्या मागे अर्धा तास, त्यांचीच धूळ खात. थांबून पुढच्यांना दहा मिनिटं जाऊ द्यावं ही साधी अक्कल मला परत येताना आली.

त्या टप्प्यात गेजकडे बघितलं. बाहेर सत्तर फॅरनहाइट. इन्टेकमधल्या हवेचं तापमान ११८. पंधराच्या वेगाने रांगताना तो पत्र्याचा आडोसा काही अडवत नाही, कोन फिल्टर बॉनेटखालची भाजलेली हवाच ओढतो. नाव कोल्ड एअर.

डान्स हॉल रॉकशी, ३६-३७ व्या मैलाला, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनेक मैल पुढे गेलो आणि शिट्टीचा आवाज बदलला. टर्बोच्या शिट्टीत एक फुसफुस मिसळली होती, सायकलच्या ट्यूबमधून हवा गळते तशी. वळलो. कडा, लेक पॉवेल, ते भगदाड, काहीच पाहिलं नाही. एवढ्या लांब जाऊन. अजून ते आठवलं की चिडचिड होते, त्यामुळे या लेखात कुठे तोल गेला असेल तर समजून घ्या.

इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. चाळीस मैलांच्या खडखडाटाने टर्बोच्या तोंडचा सिलिकॉन कपलर नळीवरून अर्धा इंच सरकला होता आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. जिथे फट पडली होती तिथून आतल्या बाजूला विटकरी धुळीचा पट्टा, मोराच्या पिसाऱ्यासारखा उघडलेला. नळी काढून आतून बोट फिरवलं. बोटाचं टोक फिकट गुलाबी झालं. चोळलं तर कुरकुरलं. ही धूळ फिल्टरच्या नंतरची. म्हणजे जी धूळ माझ्या बोटाला लागली ती उरलेली, बाकीची इंजिनात गेली होती. टॉर्च लावून टर्बोचं चाक बघितलं. पात्यांच्या कडा चमकत होत्या, पण नव्या असतात तशा धारदार नाहीत, चिमटीत धरलेल्या साबणासारख्या गोलसर. आधीपासूनच तशा असतील, असं मी स्वतःला सांगतो.

ओल्या फडक्याने नळी पुसली, कपलर बसवला, क्लॅम्प आवळले, ताशी पंधरा मैलांनी परत. एस्कलांटेजवळ पोचता पोचता चेक इंजिनचा दिवा.

आता पैशांची गोष्ट. वाटेतल्या एका गावात (गाव सांगत नाही, दुकान तर नाहीच) मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड पी०१०१. म्हणजे एमएएफ, हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर, जे सांगतोय ते पटण्यासारखं नाही. साहजिक आहे, फट सेन्सरच्या पुढे पडली होती, त्यामुळे न मोजलेली हवा आत शिरत होती. मी हे सांगितलं. क्लॅम्प आवळलाय हेही सांगितलं. त्याने लाल फिल्टर बघितला आणि मान हलवली, "तेल सेन्सरवर गेलंय, सेन्सर मेला." तेल मी सढळ हाताने लावलं होतं हे खरं, त्यामुळे गप्प बसलो. तपासणीचे १९० डॉलर, सेन्सरचे ३४०. दिवा विझला, बिल भरलं.

एक शहाणपण मात्र केलं. जुना सेन्सर परत मागितला. घरी आल्यावर बारा डॉलरचा एमएएफ क्लीनरचा डबा आणला, सेन्सरच्या आतल्या तारेला हात न लावता फवारा मारला, वाळू दिला, परत बसवला. महिना झाला. दिवा लागलेला नाही. म्हणजे ५३० डॉलर गेले ते नुसता कोड पुसण्याचे. कुठेही पार्ट बदलला तर जुना हातात घ्या, बिल भरायच्या आधी. चुना लागतोच, निदान किती लागला ते कळतं.

तेलाचा नमुना लॅबला पाठवला. सिलिकॉन ४१ पीपीएम. जूनच्या नमुन्यात ९ होता. सिलिकॉन म्हणजे धूळ, आणि धूळ तेलात गेली म्हणजे रिंगांमध्ये, बेअरिंगांमध्ये सॅंडपेपर. (सिलिकॉनचे कपलर आणि सीलंटही हा आकडा थोडा वाढवतात. नळीत बोट घातलं नसतं तर मीही तेवढ्यावर समाधान मानलं असतं.) तेल लगेच बदललं, पुढचा नमुना दोन हजार मैलांनी.

मूळ एअरबॉक्स फळीवरून काढून परत लावला. पंचवीस मिनिटं.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी. ऑफरोड चालवता येतं, जॅक लावता येतो, पाणी जास्त घ्यायचं असतं हे धरून चालतो. टायरची हवा कमी करा, यात चर्चा नको. माझे मागचे ८० पीएसआयवर होते. चाळीस-पंचेचाळीसवर आणले तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले, आणि हे मी विसाव्या मैलाला केलं, पहिल्याला करायला हवं होतं. हायवेवर यायच्या आधी भरायला कॉम्प्रेसर हवाच. एस्कलांटेनंतर डिझेल नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही. टाकी गावात भरा. पाऊस असेल किंवा आदल्या दिवशी पडला असेल तर जाऊ नका, ती माती ओली झाली की फोर-व्हील-ड्राइव्हही साबणावर उभी असल्यासारखी होते. गावातल्या व्हिजिटर सेंटरवर सकाळी रस्ता विचारा, मुक्कामाचा परवाना तिथेच फुकट मिळतो. शेवटच्या पाचेक मैलांना उंच गाडी लागते असं तिथली बाई म्हणाली. मी तिथवर पोचलोच नाही, तेव्हा तिचंच ऐका.

इन्टेक बसवलेलंच असेल आणि काढायचं नसेल, तर दर दहा मैलांनी थांबून प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून बघा. कंटाळवाणं आहे. मूळ बॉक्स असेल तर एक कोरा पेपर फिल्टर सीटमागे ठेवा आणि बॉक्सवरच्या गेजचा पिवळा काटा लालकडे गेला तरच बदला. उगाच उघडू नका, दर वेळी उघडताना कडेची धूळ आत पडते. कॉम्प्रेसरच्या हवेने पेपर फिल्टर झाडू नका, कागदाला भोकं पडतात, दिसत नाहीत. बसवताना रबरी कडेला बोटभर ग्रीस लावा. परतल्यावर त्या ग्रीसच्या आतल्या बाजूला धूळ दिसली तर सील गळतंय.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. इन्टेकवर कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, नसेल तर स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या तपासणीला, नुसत्या डोळ्यांनी बघूनच नापास करतात, आणि १९९८ पासूनच्या, १४,००० पाउंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना तो चेक लागतो. वॉरंटीबद्दल "१९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे, डीलर काही करू शकत नाही" असं माझे मित्र छाती ठोकून सांगतात. नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, हे बरोबर. पण त्याच पार्टमुळे धूळ जाऊन टर्बो गेला हे त्यांनी दाखवलं, तर नाकारता येते. ते दाखवायला त्यांना माझ्याच नळीत बोट घालावं लागेल.

इन्टेक विकायला काढलं होतं, दीडशेला. एक मुलगा बघायला आला, इंजिन चालू करून ऐकवायला सांगितलं. ते आता ट्रकवर नाही, शिट्टी वाजणार नाही, म्हटल्यावर निघून गेला.