'द ओपन बोट', चौथा भाग: अडलेले वाक्य सुटले, आणि पुन्हा अडले

स्टीफन क्रेनच्या 'द ओपन बोट' या इंग्रजी कथेचा मी मराठी अनुवाद करीत आहे. गेल्या नोंदीत तिच्या चौथ्या भागातल्या ज्या वाक्यापाशी थांबलो होतो, तिथेच आणखी तीन आठवडे गेले. परवा गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर ते सुटले, म्हणून ही नोंद घाईने लिहीत आहे.

वाक्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. जहाज बुडाल्यावर दहा फुटी होडीत निघालेल्या चौघांना किनारा दिसतो, पण फुटणाऱ्या लाटांमुळे होडी तिथे लावता येत नाही. तेव्हा क्रेन त्यांचा संताप शब्दांत मांडतो, की आपण बुडणारच असू, तर समुद्रावर राज्य करणाऱ्या सात वेड्या देवांनी वाळू आणि झाडे दिसतील इथवर आपल्याला येऊच का दिले? इंग्रजी क्रियापद कर्मणी आहे आणि सगळी अडचण तिथेच आहे. 'मी बुडणार असेन' म्हटले की बुडवणारा नाहीसा होतो. 'मला बुडवणार असतील' म्हटले की देव आधीच येऊन बसतात आणि पुढे त्यांचे नाव येते तेव्हा त्यात जोर उरत नाही. 'मी बुडवला जाणार असेन' हे पंचनाम्यातले मराठी वाटते. खिशातल्या द्विभाषिक कोशांचा अशा वेळी काडीचा उपयोग होत नाही. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडला की निदान चार बाजूंनी विचार करायची सवय लागते, पण या वेळी त्यानेही हात दिला नाही.

मोरजीला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली होती. बोटांना चिकटलेले तारल्यांचे खवले ओल्या वाळूने घासून काढीत एक वयस्क रापणकार फार पूर्वी गेलेल्या आपल्या सोबत्याविषयी सांगत होते. तो बुडाला कसा, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तो बुडलो न्हय, ताका दर्यान व्हेलो." म्हणजे तो बुडाला नाही, त्याला समुद्राने नेले.

'नेणे'! आपल्याकडे देवाने नेले, तापाने नेले, पुराने नेले असे सर्रास म्हणतात, आणि नेणाऱ्याचे नाव न घेताही हे क्रियापद उभे राहते. 'मला न्यायचेच होते, तर इथवर आणले कशाला?' हे वाक्य आजीच्या तोंडीही शोभेल. घरी येऊन ते तिन्ही जागी बसवून पाहिले. हा प्रश्न कथेत तीनदा येतो आणि दर वेळी आखूड होत जातो. पहिल्या वेळी 'कदाचित अशा शब्दांत मांडता येईल' अशी प्रस्तावना करून क्रेन तो चौघांच्या वतीने बोलतो. सहाव्या भागाच्या आरंभी मात्र कोणतीही प्रस्तावना नाही, रात्र आहे. तिथे 'न्यायचेच होते' इतके नेमके बसले, की मी ते मोठ्याने चार वेळा वाचले.

आनंद एक दिवस टिकला. सातव्या भागात तेलवाला (जहाजाच्या यंत्राला तेल घालणारा) बिली, कथेत नाव असलेला एकटाच, सर्वांत पुढे पोहत असतो आणि शेवटी उथळ पाण्यात पालथा सापडतो. लाट ओसरली की त्याच्या कपाळाखालची वाळू उघडी पडते. त्याला समुद्राने नेलेले नाही, आणून ठेवले आहे. मग माझे क्रियापद खोटे पडते का?

हे लिहिता लिहिताच वाटू लागले आहे की खोटे पडणेच योग्य असेल. सहाव्या भागात माणसाला देवळावर विटा फेकाव्याशा वाटतात, आणि तिथे ना विटा आहेत ना देऊळ, म्हणजे नेणारा कोणी नाही हे क्रेन तिथेच सांगून टाकतो. मात्र तसे असेल तर सातव्या भागातल्या किनाऱ्याच्या वर्णनात 'आणणे' हे क्रियापद मला जाणीवपूर्वक ठेवावे लागेल, नाहीतर वाचकाला हा धागा दिसणार नाही. शार्कचा प्रसंग पुढच्या वेळी घेणार होतो, तो आता मागे ठेवतो आणि आधी सातवा भाग हाती घेतो. सोबत, ज्या जहाजबुडीवर ही कथा बेतली आहे तिचा 7 जानेवारी 1897 चा क्रेनचा वर्तमानपत्रातला वृत्तान्तही पुन्हा वाचणार आहे, कारण होडीतल्या तीस तासांची हकिकत त्याने त्यात मुद्दाम सांगितली नाही, आणि बिलीच्या मृत्यूसाठी तिथे त्याने कोणते क्रियापद वापरले ते मला शब्दशः पाहायचे आहे. तोवर चौथ्या भागातले वाक्य वहीत पेन्सिलीनेच राहील.