दुपारी कोरडी, पहाटे ओली

निफाडकडच्या एका द्राक्षबागेत लावलेले मातीचा ओलावा मोजणारे 12 सेन्सर दुपारी माती कोरडी म्हणायचे आणि पहाटे ओली. ठिबक बंद असतानाही. बागवाल्यांनी विचारलं, "साहेब, रात्री कोण पाणी सोडतंय आमच्यात?"

आम्ही दोष मातीला दिला. नमुने 105 अंशांवर 24 तास ओव्हनमध्ये वाळवून दोनदा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे सेन्सरचे आकडे खऱ्या ओलाव्याशी जुळवले. सॉफ्टवेअरवाल्याने तर दिवसभराची सरासरी काढून आलेख गुळगुळीत केला आणि तक्रार मिटल्याचं सांगून टाकलं. रोग झाकायला अशी सरासरी फार सोयीची.

मल्टिमीटर लावायचं सुचलं ते शेवटी. बॅटरी पहाटे 3.6 व्होल्ट, उन्हात सोलर पॅनेलवर 4.1. हे कपॅसिटिव्ह सेन्सर स्वस्तातले. ते मातीची विद्युतभार साठवायची क्षमता पाहतात. त्या क्षमतेचा आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, पाण्याचा 80च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5. माती ओलावली की आउटपुट व्होल्टेज उतरतं. पण ते सप्लायबरोबरही हलतं, म्हणून सेन्सरच्या बोर्डावर व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर लागतो. आमच्या बोर्डांवर त्या जागी नुसता जोड मारलेला! ते आउटपुट वाचणाऱ्या ईएसपी32 या चिपमधला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ज्या रेफरन्सशी तुलना करतो तो मात्र सप्लायबरोबर हलत नाही. ऊन चढलं की सप्लाय वर, आउटपुट वर, माती 'कोरडी'. खरेदीत नगामागे वाचवलेले चार पैसे ते हेच.

रेग्युलेटर बसवला तो 3.3चा नाही, 3.0चा; बॅटरी 3.4वर आली तरी त्याला वाव राहतो. तर 3 बोर्ड बंदच पडले. भिंगातून पाहिलं, सेन्सरच्या टायमर चिपच्या जागी टीएलसी555 ऐवजी एनई555. त्याला किमान 4.5 व्होल्ट लागतात, टीएलसीला 2 पुरतात. त्या चिपा बदलल्या. पाणी दिलं तरी आणखी 2 बोर्डांना त्याचा तासन्‌तास पत्ताच नसायचा. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये 1 मेगओहम दिसायला हवा, तिथे ओपन, म्हणजे जोडच नाही. रेझिस्टर बोर्डावर आहे, पण त्याचं टोक ग्राउंडला पोचतच नाही, मग आउटपुटवरच्या कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार रिकामा होणार कुठून? बाहेरून 1 मेगओहम सोल्डर केला. सेन्सरच्या मातीत खुपसलेल्या पात्यांच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात, त्यांना इपॉक्सीचे दोन हात दिले.

आता 11 नीट चालतात. बाराव्याभोवती काळी माती बोटभर फाटलीय, पातं अर्धं हवेत. पाणी देऊनही तो कोरडंच सांगतो. माती कालवून भेग बुजवली, आठवड्यात तिथेच पुन्हा उलली. मुळांजवळही माती अशीच फाटली असेल, तर तो आकडा चुकीचा म्हणायचा का? आलेखात ठेवायचा की काढायचा, यावर आमचं अजून जमलेलं नाही.